संगणकाच्या स्मृतीची परीक्षा : लिनक्सच्या आरंभसूचीत एक आवश्यक नोंद

बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील हळ्ळीखेड (बी) या गावी कन्नड, मराठी आणि उर्दू या तीनही भाषा बाजारात, शाळेत आणि कचेरीत सारख्याच सहजतेने कानी पडतात. १९५६ पूर्वी हा मुलूख हैदराबाद राज्यात मोडत असे व त्या काळचे महसुली दफ्तर उर्दूत लिहिले जाई. पुढे ते कन्नडमध्ये आले. घरोघरीचा हिशेब आणि पत्रव्यवहार मात्र अनेक कुटुंबांत मराठीतच राहिला. दफ्तराची लिपी बदलली तरी त्याच्याविषयीची अपेक्षा बदलली नाही. लिहिलेले अक्षर उद्याही तेच राहावे, ही ती अपेक्षा होय.

आज हे दफ्तर मोठ्या प्रमाणावर संगणकात गेले आहे. जमिनीची पहाणी, विद्यार्थ्यांची गुणपत्रके, सहकारी संस्थांची खातेवही, ग्रामपंचायतीच्या करवसुलीचा तक्ता ही सर्व कामे पडद्यासमोर बसून होतात. कागदाच्या दफ्तराला वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसते, ओल आली तर नाकाला कळते. संगणकाच्या स्मृतीत दोष उत्पन्न झाला तर तो बहुधा दिसतही नाही आणि कळतही नाही. चुकीचा आकडा हा बरोबर आकड्याइतक्याच सुवाच्य अक्षरांत छापून बाहेर येतो. हा दोष शोधण्याचे साधन विनामूल्य उपलब्ध असून ते लिनक्स प्रणालीच्या आरंभसूचीत, म्हणजे बोलभाषेतील बूट मेनूमध्ये, एकदाच बसवून ठेवता येते. ते कसे बसवावे, कसे वापरावे आणि त्याचा निकाल हाती आल्यावर काय करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे योजिले आहे.

स्मृती आणि साठवण

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संगणकातील हार्ड डिस्क ही कोठारासारखी आहे. वीज गेली तरी तिच्यातील माल जागच्या जागी राहतो. रॅम या नावाने ओळखली जाणारी स्मृती ही त्या कोठारापुढील खळ्यासारखी समजावी. कोणतेही काम करावयाचे तर माल प्रथम खळ्यावर आणावा लागतो, तेथे त्याची मळणी-उफणणी होते आणि मग तो पुन्हा कोठारात जातो. ज्याला 'मेमरी' म्हणतात ते हे खळे. खळ्यावरच खडे मिसळले गेले तर कोठार कितीही भक्कम असले तरी उपयोग नाही, कारण आत जाणारा मालच खराब झालेला असतो.

या स्मृतीचा प्रत्येक घटक म्हणजे विद्युत्भार धरून ठेवणारी एक अतिसूक्ष्म कुपी होय. कुपी भरलेली असेल तर एक, रिकामी असेल तर शून्य. या एका खुणेला बिट म्हणतात. ही कुपी गळकी असते. तिच्यातील भार सतत झिरपत असल्यामुळे संगणक प्रत्येक कुपी साधारणपणे ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा वाचून पुन्हा भरीत असतो, म्हणजे एका सेकंदात पंधराहून अधिक वेळा. चार गिगाबाइटच्या एका पट्टीत अशा सुमारे ३,४३६ कोटी कुप्या असतात. इतक्या मोठ्या संख्येतील एखादी कुपी कालांतराने प्रमाणापेक्षा अधिक गळू लागली, किंवा एखादी रिकामी होईनाशी झाली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. नवल आहे ते बहुतेक पट्ट्या वर्षानुवर्षे चोख काम देतात याचे.

दोषाचा आणखी एक प्रकार शेतकरी वाचकांना विशेष चांगला समजेल. वाफ्याला पाणी देताना मधला बांध कच्चा असला तर पाणी शेजारच्या वाफ्यात उतरते. स्मृतीतील कुप्यांच्या ओळी एकमेकींना इतक्या लागून असतात की एका ओळीत वारंवार लिहावाच केल्यास शेजारच्या ओळीतील भार ढळू शकतो. २०१४ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ व इंटेल कंपनी यांच्या संशोधकांनी १२९ पट्ट्यांवर हा प्रयोग केला, तेव्हा त्यांपैकी ११० पट्ट्यांत शेजारचा बिट उलटल्याचे आढळले. म्हणून एकेक कुपी वेगळी तपासून भागत नाही. शेजारच्या कुप्या भरलेल्या व रिकाम्या असताना तिचे वर्तन कसे राहते, हेही पाहावे लागते.

एका बिटाचे मोल

एक बिट उलटल्याने असे काय बिघडणार, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. त्याचे उत्तर आपल्या नित्याच्या अक्षरांतूनच देता येते. आज सर्व भारतीय लिप्या युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीनुसार संगणकात साठविल्या जातात. या पद्धतीत देवनागरीतील 'क' आणि 'ग' यांच्या संकेतांत केवळ एका बिटाचा फरक आहे. तो एक बिट उलटला की 'काळे' या आडनावाचे 'गाळे' होते. कन्नड लिपीतील क आणि ग यांची स्थितीही हुबेहूब अशीच आहे. अंकांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावयास हवे. १ आणि ९ या अंकांच्या संकेतांत एकाच बिटाचे अंतर आहे, मग ते अंक इंग्रजी असोत, देवनागरी असोत वा कन्नड असोत. समजा, एखाद्या कचेरीतील यंत्रावर '१ एकर २० गुंठे' अशी नोंद उघडली, ती दोषयुक्त स्मृतीतून गेली आणि पुन्हा साठविली गेली. ती '९ एकर २० गुंठे' होऊन बसणे तत्त्वतः अशक्य नाही. अशा नोंदीवरून दोन भावांत वाद उभा राहिला तर त्याचे मूळ एका गळक्या कुपीत आहे, हे कोणाच्या ध्यानी येणार?

परदेशातील एक उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते आणि ते येथे देणे उचित होईल. बेल्जियममधील स्खारबेक या नगरात १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत संगणकाद्वारे मतदान घेण्यात आले होते. मोजणीत एका उमेदवाराच्या नावावर शक्य होती त्याहून अधिक मते निघाली. फेरमोजणी केली असता फरक नेमका ४,०९६ मतांचा भरला. ही संख्या सहज आलेली नव्हे. एकाला दोनाने बारा वेळा गुणण्याच्या हिशेबात ती मिळते, म्हणजेच द्विमान पद्धतीने लिहिलेल्या आकड्यातील तेराव्या स्थानावरचा एकच बिट शून्याचा एक झाल्यास नेमकी एवढीच वाढ होते. आज्ञावलीची तपासणी करूनही तीत चूक सापडली नाही, तेव्हा स्मृतीतील बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. तेथे आकडा अशक्य कोटीतील होता म्हणून शंका तरी आली. तो शक्य कोटीतील असता तर कोणी पुन्हा मोजले नसते.

असे क्षणिक उलटणे आणि पट्टीतील कायमचा दोष या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. पहिला प्रकार अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे किंवा चिपच्या वेष्टनातील सूक्ष्म किरणोत्सारामुळे घडतो. इंटेलचे टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी १९७८ साली या दुसऱ्या कारणाचा उलगडा केला होता. असा दोष घडून जातो आणि मागे खूण ठेवीत नाही. कोणतीही परीक्षा तो नंतर शोधून देऊ शकणार नाही. कायमचा दोष मात्र त्याच जागी पुन्हा पुन्हा प्रकट होतो, आणि तोच परीक्षेत पकडता येतो. या दोहोंपैकी अधिक आढळणारा कोणता, याविषयी टोरांटो विद्यापीठातील बियांका श्रोडर यांनी गुगल कंपनीतील दोन सहकाऱ्यांसह कंपनीच्या यंत्रांचा दीर्घ अभ्यास करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका वर्षात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत निदान एक तरी चूक नोंदली गेली होती आणि या चुकांत कायमच्या दोषांचाच वाटा मोठा असल्याचे दिसून आले. पट्टीचे वय वाढते तसे दोष वाढतात, हेही त्यात आढळले. तापमानाचा परिणाम मात्र समजला जात होता त्यापेक्षा पुष्कळच कमी निघाला. यंत्र बिघडले की वैशाखाच्या उन्हाला दोष देऊन मोकळे होण्याची आपली जी सवय आहे, तिला यामुळे फारसा आधार उरत नाही.

पहाणीसारखा महत्त्वाचा दस्तऐवज ज्या मध्यवर्ती यंत्रांवर ठेवला जातो, तशा प्रकारच्या यंत्रांत सामान्यतः चूक स्वतःच दुरुस्त करणारी विशेष स्मृती वापरतात. तेव्हा कर्नाटकातील 'भूमी' योजनेच्या उताऱ्यांविषयी वाचकांनी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो शाळेतील, ग्रामपंचायतीतील आणि छोट्या संस्थांतील साध्या संगणकांचा. त्यांत ही दुरुस्तीची सोय नसते, आणि ते सहसा जुनेही असतात.

परीक्षा आरंभसूचीतच का हवी

समजा, हळ्ळीखेड येथील एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेत दहा संगणक आहेत आणि त्यांतील एक वरचेवर मध्येच थबकतो. कधी फाइल उघडत नाही, कधी प्रणाली नव्याने बसविताना ती अर्ध्यावर थांबते. प्रथम विषाणूचा संशय घेतला जातो. मग लिनक्सच वाईट, असा निवाडा होतो. यानंतर यंत्र जीपमध्ये घालून हुमनाबादला किंवा बिदरला नेले जाते. तेथे ते दुकानाच्या टेबलावर तासभर बिनतक्रार चालते आणि 'दोष नाही' या शेऱ्यासह परत येते. जाण्यायेण्याचा खर्च होतो, मुलांचा तास बुडतो आणि शेवटी ते यंत्र निर्लेखित करण्याचा प्रस्ताव तयार होतो. एक पट्टी बदलून जे काम भागले असते, त्यासाठी संपूर्ण यंत्र भंगारात काढण्यापर्यंत मजल जाते. स्मृतीची परीक्षा हाताशी असती तर रात्रभरात उत्तर मिळाले असते.

ही परीक्षा प्रणाली चालू असताना का घेता येत नाही? कारण उघड आहे. प्रणाली स्वतःच त्या स्मृतीत बसलेली असते. घरात माणसे राहत असताना घराचा पाया उकरता येत नाही, त्याप्रमाणे लिनक्सने व्यापलेली जागा लिनक्स चालू असताना तपासता येत नाही. फार तर रिकाम्या खोल्या पाहता येतात. म्हणून परीक्षा प्रणालीच्या आधी सुरू झाली पाहिजे. यंत्र सुरू होताच कोणती प्रणाली चालवावी याची निवड ज्या यादीत होते, त्याच यादीत परीक्षेची एक ओळ असली की काम झाले. हे साधन पेन ड्राइव्हवरूनही चालविता येते हे खरे. परंतु शाळेतील पेन ड्राइव्ह गरजेच्या दिवशी कपाटात सापडतो, असा अनुभव फारसा कोणाचा नसावा.

या साधनाचे नाव मेमटेस्ट८६+ असे आहे. मूळ मेमटेस्ट८६ ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले. त्याची सुधारित शाखा सॅम्युएल डेम्यूलमीस्टर यांनी २००४ मध्ये सुरू केली आणि तिच्या नावापुढे अधिकचे चिन्ह लागले. ही शाखा मुक्त आज्ञावलीच्या परवान्याखाली असल्यामुळे कोणासही विनामूल्य वापरता येते. जुन्या आवृत्त्या केवळ बायॉस या जुन्या आरंभपद्धतीच्या यंत्रांवर चालत. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून यूईएफआय या नव्या पद्धतीच्या यंत्रांवरही ती चालू लागली. मधल्या काळात अनेकांनी आरंभसूचीत ही ओळ शोधली आणि त्यांना ती सापडली नाही, त्याचे कारण हेच.

लिनक्स ही दूरदेशीची किंवा हौशी मंडळींची प्रणाली आहे, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. केरळातील सरकारी शाळांत संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर दिले जाते. ई-कोर्ट्स प्रकल्पाखाली देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांनी उबंटू लिनक्स स्वीकारले, न्यायाधीशांना तिचे प्रशिक्षण देण्यात आले, आणि खटल्यांच्या नोंदी ज्या आज्ञावलीवर ठेवल्या जातात ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेने तयार केलेली आहे. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारलेली असून तीत मराठी व कन्नड या दोन्ही भाषांची सोय आहे.

बसविण्याची रीत

पुढील कृती उबंटू, डेबियन आणि त्यांवर आधारलेल्या प्रणालींसाठी आहे. आज्ञा येथे देवनागरीत सांगितल्या असल्या तरी टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीच्या लहान अक्षरांत टंकित करावयाच्या आहेत. काम दोघांनी मिळून करावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने टंकित करावे. इंटरनेटची जोडणी असणे आवश्यक आहे.

टर्मिनल उघडून प्रथम 'सुडो' हा शब्द, म्हणजे एस-यू-डी-ओ ही चार अक्षरे, मग रिकामी जागा, मग ए-पी-टी, मग रिकामी जागा आणि 'अपडेट' हा शब्द लिहून एंटर कळ दाबावी. परवलीचा शब्द विचारला जाईल. तो लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही. त्याने गोंधळून जाऊ नये. यादी अद्ययावत झाल्यावर त्याच क्रमाने 'सुडो', ए-पी-टी, 'इन्स्टॉल' आणि शेवटी साधनाचे नाव लिहावे. हे नाव लिहिताना 'मेमटेस्ट' या शब्दास लागून ८६ आणि त्यास लागून अधिकचे चिन्ह, मध्ये कोठेही जागा न सोडता, लिहावयाचे आहे. अंक अर्थातच इंग्रजी. एंटर दाबताच साधन उतरवून घेतले जाते, त्याची फाइल बूट नावाच्या कप्प्यात ठेवली जाते आणि ग्रब या आरंभ-आज्ञावलीची सूची आपोआप नव्याने लिहिली जाते. या वेळी पडद्यावर जी यादी सरकते तीत मेमटेस्टचे नाव आले पाहिजे. ते न आल्यास 'सुडो' आणि त्यापुढे 'अपडेट-ग्रब' अशी आज्ञा, मधल्या लहान आडव्या रेघेसह, स्वतंत्रपणे द्यावी.

डेबियन १२ आणि उबंटू २४.०४ अथवा त्यांनंतरच्या आवृत्त्यांत दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर एवढ्याने काम होते. उबंटू २२.०४ मध्ये साधनाची जुनी आवृत्ती येते. यंत्र यूईएफआय पद्धतीचे असेल तर तेथे सूचीत ओळ येत नाही आणि कितीही वेळा आज्ञा दिली तरी येणार नाही. अशा ठिकाणी सूचीशी झटापट करीत बसण्यापेक्षा प्रणाली अद्ययावत करून घेणे श्रेयस्कर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. यंत्र कोणत्या पद्धतीचे आहे हे पाहण्यासाठी 'सिस' कप्प्यातील 'फर्मवेअर' या उपकप्प्यात डोकावावे. तेथे 'ईएफआय' नावाचा कप्पा असला तर यंत्र नव्या पद्धतीने सुरू झाले आहे असे समजावे.

आता सूची दिसण्याचा प्रश्न. संगणकात एकटीच उबंटू असेल तर ती आपली आरंभसूची लपवून ठेवते. ती पाहण्यासाठी जुन्या यंत्रांत सुरुवातीलाच शिफ्ट कळ दाबून धरतात. नव्या यंत्रांत निर्मात्याचे चिन्ह दिसून गेल्यावर एस्केप कळ एकदाच दाबतात. परंतु ज्या शाळेत दर दोन-तीन वर्षांनी शिक्षक बदलतात, तेथे ही युक्ती कोणाच्या लक्षात राहणार? सूची कायमची दिसती ठेवणे बरे. त्यासाठी 'ईटीसी' कप्प्यातील 'डीफॉल्ट' या उपकप्प्यात 'ग्रब' नावाची जी फाइल आहे, तिची प्रथम एक प्रत काढून ठेवावी आणि नंतर ती 'सुडो नॅनो' या आज्ञेने उघडावी. 'ग्रब टाइमआउट स्टाइल' या ओळीत बरोबरच्या चिन्हापुढे 'हिडन' असे असेल तेथे 'मेनू' असे करावे. 'ग्रब टाइमआउट' या ओळीत शून्य असेल तेथे १० लिहावे. कंट्रोल व ओ या कळांनी फाइल साठवून, कंट्रोल व एक्स या कळांनी बाहेर पडावे. त्यानंतर पुन्हा 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावी. या आज्ञेने चूक दाखविली तर ती दुरुस्त केल्यावाचून यंत्र बंद करू नये; काढून ठेवलेली प्रत जागी ठेवून आज्ञा पुन्हा दिली की पूर्वस्थिती येते. पुढच्या वेळेपासून दहा सेकंद सूची दिसेल, आणि कोणी काही न निवडल्यास नेहमीची प्रणाली आपोआप सुरू होईल.

काही नव्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' नावाचे संरक्षण चालू असते. ओळखीची डिजिटल सही नसलेली आज्ञावली ते चालू देत नाही आणि मेमटेस्ट निवडताच नकाराचा संदेश देते. तेवढ्यापुरते हे संरक्षण यंत्राच्या मूळ मांडणीत जाऊन बंद करता येते, परंतु कचेरीच्या यंत्रावर हे जबाबदार अधिकाऱ्याच्या लेखी अनुमतीनेच करावे व परीक्षा संपताच ते पुन्हा चालू करावे. त्याच यंत्रात विंडोज प्रणालीही असेल आणि तिची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असेल, तर संरक्षण बंद करताच विंडोज पुनर्प्राप्तीची लांबलचक किल्ली मागू शकते. ती किल्ली आधी शोधून लिहून ठेवल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

परीक्षा आणि निकाल

यंत्र सुरू करून सूचीतील मेमरी टेस्टची ओळ खालच्या बाणाने निवडावी व एंटर दाबावे. निळ्या पडद्यावर आकडे फिरू लागतात. साधन स्मृतीच्या प्रत्येक भागात ठराविक नमुना लिहिते, तो परत वाचते, मग नेमका उलटा नमुना लिहिते आणि तोही वाचते. कधी खालून वर जाते, कधी वरून खाली येते, कधी यादृच्छिक आकडे लिहिते. एका प्रकारात नमुना लिहून काही मिनिटे स्वस्थ बसते आणि तेवढ्या वेळात कोणती कुपी गळाली हे पाहते. साधन स्वतः ज्या जागी बसलेले आहे ती जागाही सुटत नाही. ते आपले बिऱ्हाड दुसरीकडे हलवून ती तपासते. हार्ड डिस्कला ते हात लावीत नाही. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याने कुतूहलाने ही ओळ निवडली किंवा परीक्षेच्या मध्यावर वीज गेली, तरी साठविलेल्या कामाचे काही नुकसान होत नाही. एस्केप कळ दाबली की यंत्र पुन्हा सुरू होते.

सर्व प्रकार एकदा पूर्ण झाले की एक फेरी झाली. स्मृती किती आणि यंत्र किती वेगवान यावर फेरीचा वेळ अवलंबून असून तो काही तासांपर्यंतही जाऊ शकतो. एका फेरीवर समाधान मानू नये. शनिवारी शाळा सुटताना परीक्षा लावून ठेवावी आणि सोमवारी निकाल पाहावा, हे उत्तम. वीज बेभरवशाची असेल तेथे निदान एक सबंध दुपार द्यावी. दोष सापडला तर लाल पट्ट्यावर त्याची जागा, अपेक्षित आकडा आणि प्रत्यक्षात मिळालेला आकडा अशी नोंद येते. त्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे.

येथे उत्तीर्णतेचे गुण पस्तीस नाहीत. कोट्यवधी कुप्यांत एकच चूक निघाली तरी पट्टी नापास समजावयाची. 'एवढ्याने काय होते' असे म्हणून तेच यंत्र गुणपत्रकांसाठी वापरीत राहणे योग्य होणार नाही. उलटपक्षी, अनेक फेऱ्या निर्दोष गेल्या म्हणजे यंत्र सर्वस्वी चांगले, असेही नव्हे. ते थबकत असेल तर दोष विजेच्या पुरवठ्यात, हार्ड डिस्कमध्ये किंवा अन्यत्र असू शकतो. शोधाचे क्षेत्र मात्र आता बरेच आकुंचित झालेले असते.

दोष निघाल्यास

यंत्र बंद करून विजेची पिन भिंतीतून काढावी. पेटी उघडण्यापूर्वी तिच्या धातूच्या भागास हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत् निघून जाते. पट्टीच्या दोन टोकांच्या खिट्या बाजूस सारल्या की ती वर येते. तिच्या सोनेरी दातांवर धूळ किंवा काजळी बसली असेल तर मऊ खोडरबराने हलकेच पुसून, चुरा झटकून ती पुन्हा घट्ट बसवावी आणि परीक्षा पुन्हा घ्यावी. कित्येकदा दोष एवढ्यानेच जातो, कारण तो पट्टीत नसून जोडणीत असतो.

तरीही लाल ओळी आल्या आणि यंत्रात दोन पट्ट्या असल्या, तर एकेक पट्टी एकटी ठेवून परीक्षा घ्यावी. नापास झालेली पट्टी दुसऱ्या खाचेत बसवून पाहावी. पट्टी जाईल तेथे दोष गेला तर पट्टी वाईट. पट्टी कोणतीही असो, एका विशिष्ट खाचेतच दोष येत असेल तर मदरबोर्डची ती खाच वाईट. अशा वेळी ती रिकामी ठेवून उरलेल्या खाचेवर काम भागविता येते. दोन पट्ट्यांच्या यंत्रात वाईट पट्टी काढून टाकून कमी स्मृतीवर यंत्र चालविणे हा तात्पुरता आणि सुरक्षित उपाय होय. दोषयुक्त जागा तेवढी वगळून बाकीची पट्टी वापरावी, अशी सूचना ग्रबला किंवा लिनक्सला देण्याचीही सोय आहे. मुलांच्या टंकलेखनाच्या सरावापुरते ते ठीक आहे. परंतु एक जागा खराब झालेल्या पट्टीत उद्या दुसरी जागा खराब होणार नाही याची हमी नसल्यामुळे, ज्या यंत्रावर हिशेब किंवा दाखले तयार होतात तेथे हा मार्ग अवलंबू नये.

नवी पट्टी मागविताना जुन्या पट्टीवरील चिठ्ठीची संपूर्ण नक्कल मागणीपत्रात द्यावी. डीडीआर३ आणि डीडीआर४ या प्रकारांच्या पट्ट्यांतील खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते आणि एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या जागी बसत नाही. केवळ 'चार जीबी रॅम' एवढेच लिहिल्यास चुकीची वस्तू येऊन पडण्याचा संभव असतो. जुन्या पट्टीची हमीची मुदत शिल्लक असेल तर ती पडद्याच्या छायाचित्रासह विक्रेत्याकडे पाठवावी. नवी पट्टी बसविल्यावर त्याच सूचीतील त्याच ओळीवरून पुन्हा रात्रभर परीक्षा घ्यावी, यंत्राच्या क्रमांकासह तारीख व फेऱ्यांची संख्या साठा नोंदवहीत लिहावी, आणि त्यानंतरच विक्रेत्याच्या देयकावर माल सुस्थितीत मिळाल्याची स्वाक्षरी करावी.